नानांची बोटं थांबायची तेव्हा

टायपिंग करता करता नानांची बोटं थांबली, की बाहेरच्या बाकड्यावर बसलेली आम्ही मुलं एकमेकांकडे बघायचो. कीबोर्डचा लाह्या फुटल्यासारखा चाललेला आवाज अचानक बंद पडायचा आणि आतून अगदी शांत सुरात प्रश्न यायचा, "हाई कोनी सांगं?" मग बाकड्यावरचा एखादा जुना जाणता हळूच म्हणायचा, "गेला! आजचा दिवस गेला त्याचा."

नाना मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्याशी ते साधं नाशिकचं मराठी बोलायचे, पण कागदावरचं वाक्य पटलं नाही की त्यांची अहिराणी वर यायची. "हे कोणी सांगितलं?" एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. विचारताना चेहऱ्यावर राग नसायचा, खरंच जाणून घ्यायचं असायचं. त्यामुळेच उत्तर देताना घाम फुटायचा. रागावलेल्या माणसाला काहीही सांगून वेळ मारून नेता येते. खरोखर ऐकायला बसलेल्या माणसापुढे ते जमत नाही.

नाशिकला आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत, एक झेरॉक्सवाला आणि एक मिसळवाला यांच्या मधे त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने दारात उभं राहायचं. एक संगणक, एक प्रिंटर, भिंतीला लावलेल्या फळ्यांवर जुन्या प्रबंधांच्या प्रती. हाताने लिहिलेले कागद आम्ही त्यांच्याकडे द्यायचो आणि ते टाइप करून, स्पायरल मारून द्यायचे. नाना स्वतः दहावी पास. पण एम.ए., एम.फिल. आणि पीएच.डी.वाले त्यांच्यासमोर शाळेतल्या पोरांसारखे बसायचे.

हे त्यांना कुठून आलं, ते मी एकदा विचारलं. दुकान टाकण्याआधी वीस-बावीस वर्षं ते कोर्टाच्या दारात टाइपरायटर घेऊन बसायचे. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं. "वकील काहीही बोलो," ते म्हणाले, "कागदावर आलं की प्रत्येक म्हणण्यापुढे लिहावं लागायचं, 'सोबत निशाणी चार', 'सोबत निशाणी सात'. म्हणजे पुरावा जोडलाय. कागद नसला तर साहेब ते वाक्य वाचायचेच नाहीत. आणि तुम्ही शिकलेली माणसं! शंभर पानं लिहिता आणि निशाणी एक नाही."

'म्हणून' या शब्दावर त्यांचा विशेष डोळा. आमचे कागद हातात आले की टाइप करायच्या आधी ते लाल पेन्सिलीने सगळे 'म्हणून', 'त्यामुळे' आणि 'कारण' गोल करून ठेवायचे. एका मुलाने लिहिलं होतं, 'लासलगावची कांद्याची बाजारपेठ मोठी आहे, म्हणून परिसरातील शेतकरी समृद्ध आहे.' नानांनी खुर्ची फिरवली.

"बाजारपेठ मोठी आहे, बरोबर. शेतकरी समृद्ध आहे, असेलही. पण या दोघांची ओळख तुम्ही कधी करून दिली?"

मुलगा म्हणाला, "नाना, ते समजून घ्यायचं असतं."

"समजून बायको घेते, परीक्षक नाही घेत," नाना म्हणाले, आणि कागद परत दिले. त्या मुलाने पुढे लासलगावला आठवडाभर मुक्काम केला. परत आला तो अंगाला कांद्याचा वास आणि वहीत बत्तीस पानं घेऊन. 'म्हणून' मात्र पार पंचविसाव्या पानावर आला होता.

'अत्यंत', 'अतिशय', 'अनन्यसाधारण' हे शब्द नाना टाइपच करायचे नाहीत. गाळून टाकायचे आणि सांगायचेही नाहीत. कुणाच्या लक्षात आलं आणि त्याने तक्रार केली, तर म्हणायचे, "बटण चिकटतं हो त्या अक्षराचं." पाच-सहा वर्षांत आमच्या विभागातल्या प्रबंधांची भाषा एकदम सुधारली, असं आमचे एक प्राध्यापक कौतुकाने सांगायचे. ते स्वतःच्या शिकवण्याला श्रेय द्यायचे. आम्ही गप्प बसायचो.

माझी आणि त्यांची खरी ओळख मात्र अशी हसतखेळत झाली नाही.

मी पिंपळगाव बसवंतची. आई पॅकहाउसमधे, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात तिथे, कामाला जायची. एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं आणि लघुप्रबंधाला विषयही आईच्या कामाचाच निवडला: पॅकहाउसमधलं काम आणि स्त्रीचं घरातलं स्थान. लिहिण्याची सवय मात्र नव्हती. आमच्याकडे निबंध म्हणजे पाठ करायची गोष्ट. त्यामुळे दुसरा भाग, म्हणजे या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय त्याचा आढावा, मी ग्रंथालयातल्या एका जुन्या लघुप्रबंधावरून शब्द न् शब्द उतरवून काढला. सगळेच तसं करतात, अशी मनाची समजूत घातली होती.

नानांनी टाइप करायला घेतलं. चौथ्या पानावर बोटं थांबली. मी प्रश्नाची वाट बघत होते, पण तो आला नाही.

"ताई, हा भाग तुम्ही लिहिला?"

"हो."

"स्वतः?"

"हो नाना. चार दिवस लागले." उतरवायला खरोखरच चार दिवस लागले होते.

 नानांनी संगणकात एका जुन्या लघुप्रबंधाची फाइल शोधली, उघडली आणि पडद्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. 'स्थलातंर' असं लिहिलं होतं. मग माझ्या कागदावर बोट ठेवलं. तिथेही, माझ्या वळणदार अक्षरात, 'स्थलातंर'.

"अनुस्वार 'ला'वर पाहिजे," ते म्हणाले. "तो 'त'वर पडलाय. ही चूक माझी आहे, तीन वर्षांपूर्वीची. त्या मुलीने बघितली नाही, तिच्या सरांनीही नाही. पण तुमच्या हाताने लिहिलेल्या कागदावर माझी चूक कशी आली?"

दुकानात आणखी एक मुलगी उभी होती. नानांनी आवाज एवढा खाली आणला होता की तिला काही ऐकू गेलं नसावं. माझे कान मात्र तापले होते. मी कागद गोळा करायला लागले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "चूकसुद्धा स्वतःची नसावी का हो, ताई?"

मला रडू आलं. सबमिशनला दोनच महिने राहिले होते. मी तसं सांगितल्यावर नाना म्हणाले, "मग दोन महिने आहेत की! बसा." त्या मुलीचं काम उरकून त्यांनी मला बाकड्यावर बसवलं आणि समोर स्टूल ओढून स्वतः बसले. "त्या पुस्तकांपैकी एक तरी वाचलंय?"

एक वाचलं होतं.

"मग पुस्तक मिटा आणि मला सांगा, तो लेखक काय म्हणतो. मी दहावी पास आहे. मला कळलं, तर तेवढंच घरी जाऊन लिहा. नाही कळलं, तर तुम्हालाही कळलेलं नाही."

मी सांगायला लागले. तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात आलं, की मला काहीच कळलेलं नाही. खोलीवर जाऊन पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. असं आठ पुस्तकांचं झालं. मिसळवाल्याला वाटायला लागलं की मी नानांची कुणी भाची आहे. हळूहळू नानांच्या तोंडचं 'ताई' जाऊन 'पोरी' कधी आलं, ते मला आठवत नाही.

दुसरा भाग लिहून झाला आणि गाडी मुख्य मुद्द्यावर आली. माझं म्हणणं असं होतं, की पॅकहाउसमधल्या कामामुळे घरातल्या निर्णयांमधे बाईला किंमत आली आहे. पुस्तकांत होतं, माझ्या मार्गदर्शक सरांना आवडलं होतं, आणि ऐकायलाही छान वाटत होतं.

"हाई कोनी सांगं?"

"पुस्तकात आहे, नाना."

"पुस्तकवाल्याला कोणी सांगितलं ते सोड. तुझ्या आईने काय सांगितलं?"

आईला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. जी बाई दहा वर्षं ते काम करत होती आणि मी गावी गेले की माझ्यासमोर बसून भाकरी खात होती, तिला सोडून मी जगभरातल्या लेखकांना विचारून आले होते. त्या शनिवारी गावी गेले आणि विचारलं, "आई, तू कामाला जातेस म्हणून घरात तुझं ऐकलं जातं ना? म्हणजे बघ, मला कॉलेजला पाठवलंत ते."

आई हसायलाच लागली. "मी पॅकहाउसला जाते म्हनून तू कॉलेजला गेली? येडी का काय! तुझी आत्या चार दिस हितं ठाण मांडून बसली, तुझ्या बापाशी भांडली, तवा तू गेली. माझं कोन ऐकत हुतं?"

माझा अख्खा प्रबंध चुलीपुढे बसून आईने एका दमात निकालात काढला.

मग मी गावातल्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायकांशी बोलले. सकाळी टेम्पोची वाट बघत उभ्या असायच्या तेव्हा, दुपारी डबा खाताना, सुट्टीच्या दिवशी घरी जाऊन. चित्र सरळ नव्हतंच. काही घरांत खरोखर फरक पडला होता, काहींत काडीचाही नाही. काम सगळ्यांचं एकच. मग फरक कशाने? पुष्कळ दिवस मला उलगडेना. शेवटी एका बाईच्या बोलण्यातून धागा सापडला. ती म्हणाली, "टेम्पोत बसलं की आमची ग्रामसभाच भरती. कोनाच्या घरात काय चाललंय, कोनी काय म्हनायचं, सगळं तिथंच ठरतं." मी नोंदी पुन्हा चाळल्या. ज्या बायका गावातल्या मैत्रिणींच्या टोळीने, एखाद्या ठाम बाईच्या पुढाकाराने जात होत्या, त्यांच्या घरात बोलणं बदललं होतं. ज्या सासू, जाऊ, नणंद यांच्याबरोबरच जात-येत होत्या, त्यांचं घर फक्त टेम्पोत बसून पॅकहाउसला येत होतं. म्हणजे प्रश्न कामाचा कमी आणि सोबतीचा जास्त होता.

हे नानांना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग लिही!"

आमच्या सरांना मात्र हे पटलं नाही. सर भले गृहस्थ होते, पण आधी ठरलेला निष्कर्ष आता बदलायचा म्हटल्यावर घाबरले. "बाहेरचे परीक्षक फाडून खातील," ते म्हणाले. "वर्ष वाया जाईल तुमचं. पहिलं होतं तेच राहू द्या." मी तरातरा दुकानात आले आणि सरांविषयी नाही नाही ते बोलले.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग कोरा कागद पुढे केला. "सरांचं म्हणणं लिही."

"त्यांचं काय लिहू? त्यांना कळतच नाही."

"कोर्टात समोरच्या वकिलाचं म्हणणं आपल्याला त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे. तेव्हा कुठे उत्तर देता येतं. लिही. आणि त्यांच्या बाजूने लिही, चिडून नको."

मी दात-ओठ खात लिहायला बसले. सरांच्या चार शंका होत्या. तीन शंकांना माझ्याकडे उत्तरं होती. चौथी लिहिताना पेन अडखळलं. ती खरी होती. मी बोललेल्या सगळ्या बायका एकाच भागातल्या होत्या आणि मी मात्र अख्ख्या जिल्ह्याविषयी बोलत सुटले होते. मी नानांकडे बघितलं. ते प्रिंटरमधे कागद भरत होते, तोंड फिरवून. हसू लपवत असावेत.

मी निष्कर्ष लहान केला. 'आमच्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर असं दिसतं,' एवढाच. त्याच्या आधी सरांच्या चारही शंका, चांगल्या शब्दांत, आणि माझी उत्तरं. चौथीपुढे लिहिलं, 'ही मर्यादा मान्य आहे.' सरांनी ती पानं दोनदा वाचली. "हे तर मीच म्हटलं होतं," ते म्हणाले, खुश झाले, आणि सही केली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिला प्रश्न त्या चौथ्या शंकेवरच विचारला. मी पान उघडून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी टेम्पोतल्या ग्रामसभेविषयी गप्पा मारल्या.

शेवटचा भाग टाइप होत होता तो दिवस मला अजून आठवतो. बावीस पानं. नानांची बोटं एकदाही थांबली नाहीत. मी बाकड्यावर बसून श्वास रोखून ऐकत होते. संपल्यावर नाना माझ्याकडे वळले. आता ते काहीतरी बोलतील, म्हणून मी उठून उभी राहिले.

"पानांचे आकडे वर पाहिजेत की खाली?" नानांनी विचारलं.

पुढे मी नाशिकमधेच शिकवायला लागले. मुलांच्या हातात लॅपटॉप आले, मोबाइलवर बोलून टाइप व्हायला लागलं आणि नानांच्या बाकड्यावरची गर्दी कमी होत होत संपली. एक दिवस दुकानाला मोबाइलच्या कव्हरांची पाटी लागली. मी हळहळले. पण नाना कुठे राहतात, ते मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंही नव्हतं, याची लाज वाटली.

मुक्त विद्यापीठाचे वर्ग रविवारी आमच्या कॉलेजमधे भरायचे आणि मी तिथे शिकवायला जायचे. एका रविवारी पहिल्या बाकावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून नाना बसलेले. बी.ए., प्रथम वर्ष.

"नाना, तुम्ही?"

ते उभे राहिले. "हजर, मॅडम."

कितीही सांगितलं तरी त्या वर्गात ते मला 'मॅडम'च म्हणायचे. पहिला स्वाध्याय होता, 'संगणकामुळे रोजगार कमी झाला का?' नानांचे कागद मी मोठ्या उत्सुकतेने उघडले आणि चाटच पडले. 'आज या यंत्रयुगात माणूस माणसाला विसरला आहे' इथपासून सुरुवात, आणि मग चार पानं नुसता संताप. पुरावा म्हणून एकच गोष्ट: माझे दुकान बंद पडले. ज्यांनी मला लिहायला शिकवलं, त्यांच्या कागदावर काय लिहायचं? दोन दिवस कागद तसाच टेबलावर होता. शेवटी समासात, अगदी बारीक, एक प्रश्नचिन्ह काढलं.

नाना रुसले. पुढचे दोन रविवार वर्गाला आलेच नाहीत.

तिसऱ्या रविवारी आले. नवे कागद टेबलावर ठेवले आणि वर्ग सुटेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. त्या तीन आठवड्यांत ते कोर्टाच्या दारात, आपल्या जुन्या सोबत्यांकडे जाऊन आले होते. कोण घरी बसलं, कोणाच्या मुलाने त्याच जागी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं, तिथे कोणाच्या मुली कामाला लागल्या, सगळं एकेक करून लिहिलं होतं. कुठे काम गेलं, कुठे नवं आलं, आणि ज्यांचं गेलं त्यांनाच ते नवं मिळालं का, हा प्रश्न त्यांनी वेगळा काढला होता. माझ्या डोक्यातही तो आला नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'माझे दुकान बंद झाले याचे मला दुःख आहे. परंतु ते दुःख आहे, पुरावा नव्हे.'

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिले. वर्ग रिकामा झाला होता. नाना दारात उभे होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"वीसपैकी सतरा."

"तीन कुठे गेले?"

मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. आम्ही पाऊण तास भांडलो. शिपाई कुलूप घेऊन आला, तेव्हा आम्ही जिन्यात भांडायला गेलो. सतराचे अठरा काही झाले नाहीत, पण जाताना नाना इतके खुशीत होते की मिसळ त्यांनीच खाऊ घातली.

बी.ए. झाल्यावर ते इगतपुरीला मुलीकडे राहायला गेले. मुलगी रेल्वेत आहे. गेल्या श्रावणात मी त्यांना भेटून आले. इगतपुरीचा पाऊस तो, समोरचा डोंगरही दिसत नव्हता. नानांनी एम.ए.ला नाव घातलं आहे आणि लघुप्रबंधाला विषय घेतला आहे: इथे एवढा पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात आजूबाजूच्या वाड्यांवर टँकर का येतो?

"धरण उशाला आणि कोरड घशाला," ते म्हणाले. "दोष सगळा धरणांचा."

"नाना, ही म्हण झाली. प्रबंध नाही झाला."

झालं! जेवणात तेच, चहात तेच, स्टेशनवर मला सोडायला येताना एका छत्रीत तेच. मी म्हणत होते, जमीन बघा, उतार बघा, पाणी धरून ठेवायची सोय बघा. ते एकेक मुद्दा बोटावर मोजत खोडून काढत होते. गाडी आली. मी आत बसले, तर ते खिडकीचे गज धरून उभे, चष्म्यावर पाणी, आणि पाचवा मुद्दा सुरू. गाडी हलली तसे तेही बरोबर चालायला लागले.

"पटलं का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"नाही पटलं!" मीही ओरडले.

नानांचा चेहरा असा काही उजळला! छत्री वाऱ्याने उलटी झाली, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. हात उंच करून ते सहावा मुद्दा सांगत राहिले. पावसाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. प्लॅटफॉर्म संपला तरी त्यांचे ओठ हलताना दिसत होते.